शिवारफेरीत बाई कुठे असते?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज 'पाणलोट आणि लोकशिक्षण' असा विषय दिला आहे. 'पाणलोट' शब्द कागदावरचा वाटतो, पण गोष्ट आपल्या पायाखालची आहे. माथ्यावर पडलेला पाऊस ज्या रानातून वाहत एका ओढ्याला मिळतो, ते सगळं रान म्हणजे त्या ओढ्याचं पाणलोट. सरपणाला, गवताला, शेळ्यांमागे आपण तिथेच फिरतो. तरीही पाणलोटाची माहिती द्यायला गावात कार्यक्रम होतो तेव्हा पुरुष बोलतात आणि बाया ऐकतात. असं का होतं, ते मी माझ्याच चुकीपासून सांगते.

मी एका संस्थेत काम करत होते. एका गावात आम्ही शिवारफेरी ठेवली. शिवारफेरी म्हणजे सगळ्यांनी मिळून माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालायचं, ओढे-ओघळी, विहिरी, उतार पाहायचे आणि काम कुठे करायचं ते ठरवायचं. वेळ ठेवली सकाळी दहाची. त्या वेळी मजूर बाया खुरपणीला गेलेल्या होत्या. पंधरा-वीस जणी आल्या, त्या बचत गटाच्या, घरची जमीन असलेल्या. पुढे सरपंच, मागे शेतकरी, त्यांच्या मागे या बाया. माथ्यावर पोचलो तोवर निम्म्या परतल्या होत्या, कारण पोरं शाळेतून यायची होती. नकाशावर तीन बंधारे पडले, तिन्ही मोठ्या ओढ्यावर. वस्तीकडच्या ओघळीवर काहीच नाही. आणि अहवालात मी लिहिलं, 'महिलांचा सहभाग उत्तम.' सह्या होत्या ना!

आठ दिवसांनी वस्तीतल्या एका म्हातारीने मला विचारलं, "ताई, तुमी डोंगूर बघून आल्या म्हणं. आमची हीर दिसली का?" मला उत्तर देता आलं नाही.

मग आम्ही फेरी पुन्हा घेतली. या वेळी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी मजुरी बंद असते. सकाळी लवकर निघालो, आणि निघालो वस्तीतून. ती म्हातारी पुढे. 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडली होती, पुढे वस्तीची विहीर खणताना पाट्या वाहिल्या होत्या. कितव्या हाताला मुरूम लागला, कुठे मांजऱ्या लागला, खाली काळा पाषाण कुठे सुरू झाला, हे तिच्या तोंडपाठ होतं. मांजऱ्या खडक झिजलेला असला की पाणी धरतो. काळ्या पाषाणात भेग नसेल तर थेंब मुरत नाही. डोंगराच्या अंगाला तोच मांजऱ्या कुठे उघडा पडलाय, ते तिने हाताने दाखवलं. नंतर भूजलाच्या जाणकाराने येऊन पाहिलं आणि चरासाठी तीच जागा ठरली. आमच्या नकाशावर ती नव्हती.

चर झाले, ओघळीत दगडी बांध घातले. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी महिनाभर जास्त टिकलं. त्या वर्षी पाऊसही बरा होता, हेही सांगायला हवं. पण त्याच्या पुढच्या वर्षी खालच्या अंगाला दोन नव्या बोअर पडल्या आणि विहीर फाल्गुनातच तळाला गेली. बायांनी मुरवलं आणि ज्याच्याकडे मोटर त्याने उपसलं. हे ग्रामसभेत बोलून दाखवणाऱ्या दोघींना त्या हंगामात त्या मळ्यात काम मिळालं नाही. पाण्याच्या शिक्षणाची किंमत अशीही मोजावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं, की पाणी अडवायला शिकवणारा कार्यक्रम अर्धाच आहे. 2016 ते 2019 या काळात वॉटर कप स्पर्धेच्या श्रमदानात गावोगावच्या बाया टिकाव-घमेलं घेऊन उतरल्या. घाम आपला होता. पण साठलेलं पाणी कुणाचं, हा प्रश्न श्रमदानाने सुटत नाही. त्यासाठी ताळेबंद मांडावा लागतो.

हिशेब अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की 10,000 लिटर पाणी होतं. हजार हेक्टरांच्या गावात 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे 500 कोटी लिटर. त्यातलं बरंचसं उडून जातं, मातीत राहतं, वाहून जातं. आता खर्च बघा. दोन हजार माणसांना रोज माणशी 55 लिटर धरले, तर वर्षाला चार कोटी लिटर लागतात. आणि पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला साधारण दोन कोटी. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिणं-वापरणं बरोबरीचं! हा हिशेब आम्ही देवळापुढे रांगोळीने मांडला, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

पाण्याची वाटणी न्यायाची असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजलं: माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. त्याआधी 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क म्हणून मांडला गेला होता. आपला प्रश्न त्याच रांगेतला आहे. सिंचनाच्या पाणीवापर संस्थेचं सभासदत्व जमीनधारकाला मिळतं. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई दारं धरते, पण मत देत नाही. परित्यक्ता आणि भूमिहीन बाई तर हिशेबातच नाही.

तेव्हा आपल्या गटांनी काही गोष्टी धराव्यात. फेरीची वेळ मजूर बायांना विचारून ठरवा आणि तेवढा वेळ पोरं सांभाळायची सोय करा. फेरी वस्तीपासून सुरू करा. प्रत्येक विहिरीचं पाणी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहा. शाळेतल्या मुलीही हे करतील. ताळेबंद ग्रामसभेत वाचा, त्यात पिकं आणि बोअर दोन्ही येऊ द्या. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या बाया हव्यात. त्या कोण आहेत, सभेला बोलावतात की घरी सही आणतात, ते पाहा. आणि बोलणारीला एकटी पाडू नका. त्या दोघींची मजुरी बुडाली तेव्हा गटाने त्यांच्या घरी धान्य पोचवलं, आणि पुढच्या ग्रामसभेला त्यांच्याबरोबर चाळीस जणी गेल्या. बोअरचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा इतिवृत्तात लिहिला गेला.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्या फेरीनंतर देता आलं नव्हतं. तुमच्या गावात फेरी निघेल तेव्हा तो निघायच्या आधीच विचारा: आमची विहीर दिसणार आहे का?