तळहातावर वितळणारा धातू : गॅलियम

(विज्ञान मंडळातील भाषणाचा मजकूर)



धातू वितळवायचा म्हटले की भट्टी, भाता आणि घामाघूम झालेला लोहार तुमच्या डोळ्यांपुढे येतो. गॅलियमला यातले काहीच लागत नाही. तो २९.७६ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे तुमच्या तळहाताची ऊब त्याला पुरते. आपल्या वैजापुरात वैशाखात तो कपाटातल्या बाटलीतच पातळ होऊन बसेल. उकळायला मात्र त्याला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. शिवाय पाण्याप्रमाणे हाही गोठताना फुगतो. काचेच्या बाटलीत गच्च भरला तर बाटली तडकायची.

त्याच्या शोधाची हकिकत मला त्याच्या गुणांहूनही मोलाची वाटते. १८७१ साली रशियातील प्राध्यापक मेंडेलीव्ह यांनी आपल्या कोष्टकात ॲल्युमिनियमच्या खालचे घर रिकामे ठेवले आणि त्या न सापडलेल्या मूलद्रव्याला ‘एका-ॲल्युमिनियम’ म्हटले. हा ‘एक’ आपल्या संस्कृतातलाच! त्याची घनता ५.९ च्या आसपास असेल, हेही त्यांनी लिहून ठेवले. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात नव्या रेषा दिसल्या. त्यांनी धातू वेगळा केला, घनता मोजली. ती आली ४.७. मेंडेलीव्ह यांनी तो धातू पाहिलाही नव्हता, तरी नमुना पुन्हा शुद्ध करून मोजा, असे त्यांनी कळवले. ब्वाबोद्राँ यांनी राग न धरता पुन्हा मोजले. उत्तर आले ५.९!

गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणाकणांत शिरून त्याला ठिसूळ करतो. म्हणून विमानातून तो नेण्यावर कडक निर्बंध आहेत. आईच्या पातेल्यात हा प्रयोग करू नका, बोलणी बसतील.

उपयोग पाहायचा तर घरातला एलईडी दिवा पाहा. त्यातला निळा प्रकाश गॅलियम नायट्राइडचा. त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गॅलियम आर्सेनाइड उपग्रहांच्या सौरघटांत आणि मोबाइल फोनमध्ये असते. गॅलियम-६८ हे किरणोत्सारी रूप कर्करोगाच्या तपासणीत वापरतात. ते ६८ मिनिटांत निम्मे उरते, म्हणून इस्पितळातच तयार करून लगेच टोचावे लागते.

एवढ्या कामाच्या या धातूची स्वतःची खाण नाही. बॉक्साइटच्या एका टनात तो साधारण ५० ग्रॅम असतो. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवले की ॲल्युमिनियमबरोबर तोही द्रावणात उतरतो. तेच द्रावण पुन्हा पुन्हा वापरले जाते, तसा तो साचत जातो आणि मग वेगळा काढता येतो. जगातला बहुतेक गॅलियम आज चीन काढतो. १ ऑगस्ट २०२३ पासून त्याने निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा भल्या भल्या देशांची धावपळ झाली.

आणि बॉक्साइट काही परदेशीच असते असे नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यावर पावसापाण्याने झिजून त्याचेच बॉक्साइट झाले आहे. त्यापासून अल्युमिना काढणारा कारखाना बेळगावला आहे.