सराफ्यातील गलाईवाले



सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत सोन्याविषयी बोलावे असे मी योजिले आहे. परंतु ते सोने शुद्ध करणाऱ्या माणसांविषयी.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील जबलपुरास आले ते नोकरीच्या निमित्ताने. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते; कचेऱ्या, रेल्वे आणि १९०४ साली निघालेला तोफगाड्यांचा कारखाना यांनी सुशिक्षित मराठी माणसाला येथे आसरा दिला. सराफ्यातील गलाईवाला मात्र कोणत्याही परीक्षेच्या बळावर आलेला नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील अवर्षणाने त्याला घराबाहेर काढले. १९७२ च्या दुष्काळाची आठवण त्या भागात अजून पुसलेली नाही.

त्याचे काम पाहण्यासारखे असते. मोडीचे सोने मुशीत वितळवून त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळावयाची आणि ते तेजाबात उकळावयाचे. चांदी व तांबे विरघळतात. तळाशी मातकट तपकिरी भुकटी उरते. तेच शुद्ध सोने! नवख्या माणसाने ते केरात टाकले असते. विरघळलेली चांदीही तांब्याची पट्टी सोडून परत मिळवितात.

शाळा सुटलेला मुलगा मामाच्या नाहीतर चुलत्याच्या भट्टीवर येतो, तेथेच जेवतो, तेथेच निजतो. काही वर्षांनी हात बसला, की आप्तांच्या उसनवारीवर दुसऱ्या गावच्या सराफ्यात स्वतःची भट्टी मांडतो. देशभरच्या पेठांत ही मंडळी अशीच पसरली. विट्याच्या परिसरातील कित्येक घरे या भट्ट्यांवर उभी राहिली. या उत्कर्षाचे मोलही त्यांनी चुकविले आहे: तेजाबाचा तांबूस धूर छातीत साठतो, आणि चोरीचे सोने अजाणता भट्टीत आले तर पोलीस प्रथम यांच्याच दारी. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली गेला. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. टंच आता यंत्र सांगते. लहान भट्टीवाल्याचे पुढे काय, ही चिंता त्यांच्या बोलण्यात डोकावते.

आता थोडे आपल्याविषयी. मी सात वर्षे या मंडळाचा चिटणीस होतो. दर भाद्रपदात त्यांच्या दुकानी जाऊन मी वर्गणीची पावती फाडली. सभासदत्वाचा अर्ज मात्र एकदाही नेला नाही. त्यांची भाषा माणदेशी, आमची पुस्तकी. एवढेच कारण मला आज सुचते, आणि ते सांगताना संकोच वाटतो. त्यांच्यापैकी तिघे आज शेवटच्या रांगेत बसले आहेत. अर्ज मी बरोबर आणले आहेत. सूचक म्हणून माझी सही केलेली आहे, अनुमोदकाची जागा कोरी आहे.