गाडीची वही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'सोसायटीची पंचवीस वर्षं'. माझ्या आधीच्या तीन वक्त्यांनी तो इतका छान मांडला की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. म्हणून मी एका स्कूटरबद्दल बोलतो. आमच्या सौं.ची, म्हणजे तुमच्या 'बाईं'ची, मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. आपल्या गल्लीत तिचा हॉर्न न ऐकलेलं घर नसेल.

पुष्कळांना माहीत आहे, बाईंना लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. पुढे शाळेत नोकरी लागली. मी बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. आज रिसोड, उद्या मंगरूळपीर. त्यांना शाळेत सोडायला मी कुठून असणार? म्हणून ती स्कूटर आली. इथल्याच एका मिस्त्रीनं तिला बाजूची चाकं बसवली, कुबडी अडकवायला खोबण केली. नंतर एक अडचण आली. पाय जमिनीला रेटून गाडी मागे घेणं बाईंना शक्य नव्हतं. दुकानासमोर लावली की काढायला कोणाला तरी हाक मारावी लागायची, आणि ते त्यांना आवडायचं नाही. मग मिस्त्रीनं एका बाजूच्या चाकाला छोटी मोटर जोडली आणि हँडलवर बटण दिलं. बटण दाबलं की गाडी मागे. त्या दिवशी घरी आल्यावर बाई अंगणातच चार वेळा मागे-पुढे करून बघत होत्या!

मिस्त्री कामाला पक्का होता. मी त्याला तेव्हाच म्हटलं, "बाबा, कोणती तार कुठं गेली ते एका कागदावर लिहून दे." तो हसला. "काका, सारं ध्यानात हाय ना माह्या. लिवाचं काय काम?" मीही गप्प बसलो. ज्या माणसानं पस्तीस वर्षं एकही व्हाउचर सहीशिवाय सोडलं नाही, त्यानं घरच्या गाडीचं काम तोंडी हिशेबावर सोडलं. हा माझा दोष आहे, त्या मिस्त्रीचा नाही.

दहा वर्षं काही झालं नाही. मग एका संध्याकाळी बाईंनी आपल्या गेटजवळ ते बटण दाबलं, आणि सोडलं तरी मोटर थांबेना. त्यांनी ब्रेक दाबून धरला. मी धावत जाऊन चावी बंद केली, तरी मोटर चालूच! गाडी घासत घासत नालीच्या कठड्याला टेकली, मोटर अडली, आणि सीटखालून धूर यायला लागला. शेजारच्या मुलानं पक्कड आणून हाताला आल्या त्या तीन तारा कापल्या, तेव्हा ती थांबली. बाईंना काही झालं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्या गाडीवर बसल्या नाहीत.

त्या दिवसापासून खरी पंचाईत सुरू झाली. तीन तारा कापलेल्या, आणि कोणती कशाची हे सांगणारं कोणी नाही. गॅरेजवाला म्हणाला, "हे सारं वायरिंगच उखडून टाकू." मिस्त्री तोवर पुण्याला मुलाकडे राहायला गेला होता. फोन लागला. बिचारा बराच वेळ आठवत राहिला. शेवटी म्हणाला, "नाई आठवत काका आता. लय वर्षं झाले." त्याचा आवाज ऐकून मलाच वाईट वाटलं.

तेव्हा आयटीआयमधून निवृत्त झालेले आपले शेजारी मल्टिमीटर घेऊन आले. दोन रविवार आम्ही पार्किंगच्या शेडमध्ये बसलो. ते एका टोकाला मीटरची सुई लावायचे, मी दुसरं टोक शोधायचो आणि 'टूं' वाजलं की लिहून घ्यायचो. कंपनीच्या तारांना रंगाची शिस्त असते. या गाडीत हिरवी म्हणजे अर्थ, लाल बॅटरीची, काळी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. मिस्त्रीनं जोडलेल्या तारा मात्र सगळ्या पिवळ्या, कारण त्याच्याकडे पिवळं बंडल होतं! आणि मोटरची तार घरातल्या दिव्याच्या जाडीची, बॅटरीतून थेट निघालेली, मध्ये फ्यूज नाही. मोटरवर २४० वॅट लिहिलेलं. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे २० अँपिअर. रिलेचे पॉइंट आतून चिकटले होते, म्हणून चावी बंद करूनही उपयोग नव्हता. मोटर अडल्यावर प्रवाह आणखी वाढला आणि तारेवरचं प्लास्टिक वितळलं. मध्ये योग्य फ्यूज असता तर तो त्याच वेळी उडाला असता. दहा वर्षं बाई त्या तारेवर बसून शाळेत गेल्या होत्या.

आम्ही जाड तार घातली, बॅटरीलगत फ्यूज बसवला, नवा रिले लावला. आणि मग मी शंभर पानी वही आणली.

बँकेत चार्ज देताना आम्ही काय करायचो? तिजोरीची चावी कोणाकडे, दुसरी चावी कोणत्या शाखेत, कोणतं खातं नाजूक, सगळं लिहून सही घ्यायचो. नवा अधिकारी हुशार असेल हे गृहीत धरायचं नाही, तो नवा आहे एवढंच धरायचं. वही त्याच पद्धतीनं केली. पहिल्या पानावर एमएच-३७ चा नंबर, चेसिस नंबर, विम्याचा तपशील आणि आरटीओच्या परवानगीची प्रत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मनानं करता येत नाही. अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेता येते, पण परवानगीनं. विमा कंपनीलाही बदल कळवलेला बरा. नाहीतर भरपाई मागायच्या वेळी तोच मुद्दा निघतो.

पुढे एका पानावर एकच मंडल. हा नियम शेजाऱ्यांचा, आणि तो फार कामाचा निघाला. मी आधी सगळ्या तारा एकाच कागदावर काढल्या होत्या, ते शेवयांचं ताट झालं होतं. आता डावीकडे बॅटरी, मग फ्यूज, मग स्विच किंवा रिले, मग वस्तू, शेवटी अर्थ. नुसते चौकोन आणि रेषा. रंगांचा भरवसा नव्हता म्हणून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबरची रिंग घातली आणि तोच नंबर चित्रात लिहिला. झाकण काढून फोटो काढले, छापून चिकटवले. मागच्या चाकांवर जादा इंडिकेटर जोडल्यापासून लुकलुकण्याची चाल बदलली होती. तिथे कोणता फ्लॅशर घातला आणि का, तेही लिहिलं. 'का' लिहायला माणूस विसरतो. पुढचा मिस्त्री मग "हे कशाला ठेवलं" म्हणून नेमकं तेच काढून टाकतो. बाजूच्या चाकाच्या बेअरिंगवर ६२०२ कोरलेलं होतं, ते लिहून ठेवलं. आता बेअरिंग घ्यायला जुनं खिशात घालून दुकानोदुकानी फिरावं लागत नाही.

आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात एवढंच आहे: 'मोटर थांबत नसेल तर सीट उचला, लाल टोपीचा फ्यूज ओढून काढा. तारा कापू नका. ३० च्या जागी मोठा फ्यूज घालू नका. बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका.'

वही झाली असं मला वाटलं. शेजारी म्हणाले, थांबा, परीक्षा घेऊ. पक्कड आणणाऱ्या त्याच मुलाला बोलावलं, वही दिली आणि म्हटलं, मागचा डावा दिवा बंद कर, आम्ही बोलणार नाही. तो गाडीच्या समोर उभा राहून त्याच्या डाव्या हाताकडचं झाकण उघडायला लागला. चूक माझी होती. डावं कोणाचं, ते मी लिहिलंच नव्हतं. आता पहिल्या पानावर आहे: 'डावे-उजवे म्हणजे गाडीवर बसलेल्या माणसाचे.' दुसऱ्या खेपेला त्यानं पाच मिनिटांत काम केलं.

आपल्या भागात अशा गाड्या थोड्या आहेत का? सोयाबीनच्या तासातून डवरा ओढणाऱ्या मोटारसायकली आपण बघतो. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप केली. २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांना तिच्या बदल्यात बोलेरो दिली, तेव्हा आपल्या ग्रुपवर तो व्हिडिओ दहा जणांनी टाकला होता. गुजरातेत अमरेली जिल्ह्याच्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे शेतीची अवजारं जोडली, तिला 'बुलेट सांती' म्हणतात. प्राध्यापक अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कामाची रीतसर नोंद केली, म्हणून त्याला पेटंट मिळालं. अशी कितीतरी कामं मात्र करणाऱ्याच्या डोक्यातच राहतात आणि त्याच्याबरोबर जातात. आपल्याच पार्किंगमध्ये जादा हॉर्न, एलईडी, म्युझिक सिस्टिम बसवलेल्या किती गाड्या आहेत ते मोजा. (पाण्याच्या पंपाच्या पॅनेलबद्दल मी आज बोलणार नाही, सचिव समोरच बसले आहेत.)

आता शेवटचं. माझं वय तुम्हाला माहीत आहे, आणि मुलगा बंगळुरूला असतो. बाई पुन्हा गाडी चालवायला लागल्या आहेत. रोज सकाळी बालाजी मंदिरापर्यंत जाऊन येतात. वहीची मूळ प्रत गाडीच्या डिक्कीत, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. दुसरी प्रत आज मी सचिवांकडे देतो आहे, ती सोसायटीच्या कपाटात राहील. पक्कडवाल्या मुलानं तिच्यावर 'चार्ज घेतला' म्हणून सही केली आहे, तारखेसह. जादा फ्यूज वहीच्या मागच्या खिशात चार ठेवले आहेत. एक वापरला की दुसरा आणून ठेवा. आणि गाडीची चावी मात्र बाईंना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्या रागावतात.