सिग्नल पडला, पण कुणासाठी?

आज आमचा गट तुमच्याशी शकुंतलेबद्दल बोलणार आहे. दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा इकडच्या बायांना शकुंतला कोण हे सांगायला नको. आपली छोटी गाडी. कुणी तिच्यातून माहेरी गेलं, कुणी डाळीची पोतडी घेऊन बाजाराला. पण हा कार्यक्रम दुसऱ्या तालुक्यांतल्या गटांतही ऐकतात, म्हणून थोडी ओळख करून देतो.

मूर्तिजापूर हे शकुंतलेचं जंक्शन. तिथून एक फाटा अचलपूरला जातो, ७६ किलोमीटर. दुसरा यवतमाळला जातो, ११३ किलोमीटर. आणि मधून मुंबई-नागपूर मोठी लाईन जाते. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला ही छोटी लाईन उभी केली. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं. मग डिझेल इंजिन आलं. आता काही वर्षं गाडीच बंद आहे. रुळांत गवत आणि बाभळी वाढल्यात.

छोट्या लाईनीचे रूळ एकमेकांपासून अडीच फुटांवर, मोठीचे साडेपाच फुटांवर. म्हणून छोटा डबा मोठ्या रुळावर चढूच शकत नाही. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत भरायच्या. माणसांचंही तेच. इकडून उतरा, तिकडे चढा.

आम्ही लहानपणापासून म्हणत आलो, "सिग्नल पडला, गाडी आली." पण सिग्नल पडतो म्हणजे काय होतं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांनी समजावलं ते असं.

खांबावरचा हात आडवा असेल तर गाडीनं थांबायचं. हात खाली झुकला तर गाडीनं यायचं. रात्री आडव्या हाताला लाल दिवा, झुकलेल्या हाताला हिरवा. तो हात लांबच्या दांड्यानं, तारेनं ओढतात. आता तार तुटली तर काय होईल? आम्हाला वाटलं, हात खाली लोंबेल. काका म्हणाले, नाही. हाताला वजन लावलेलं असतं. तार तुटली की हात आपोआप आडवा होतो. म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबते, धडकत नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची. जंक्शनला एका रुळाचे दोन रूळ होतात, तिथे सांधा असतो. सांधा अचलपूरकडे लावला तर गाडी अचलपूरला, यवतमाळकडे लावला तर यवतमाळला. सांधा अर्धवट राहिला तर गाडी रुळावरून उतरते. म्हणून मोठ्या स्टेशनात सांधा आणि सिग्नल एकमेकांना कुलपासारखे जोडलेले असतात. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलचा दांडा हलतच नाही.

तिसरी गोष्ट, एकेरी लाईनीची. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पुष्कळ जुन्या लाईनींवर ड्रायव्हरच्या हाती एक लोखंडी गोळा देत. गोळा हातात आहे तोच पुढे जाणार. कालका-शिमल्याच्या डोंगरी लाईनीवर हीच रीत चालली. हे ऐकून आमची खजिनदार म्हणाली, "आपल्या पेटीच्या किल्लीसारखं की! किल्ली जिच्याजवळ, जबाबदारी तिची."

आपल्या शकुंतलेचं तर याहून सोपं होतं. शेवटच्या काळात एका फाट्यावर एकच गाडी जायची आणि तीच परत यायची. समोरून दुसरी येणारच नाही. मोजकी माणसं सगळं काम करत. गार्डच तिकीट देई. रस्ता आडवा आला की गाडी थांबे, गाडीतला माणूस उतरून फाटक लावी, गाडी पुढे गेली की फाटक उघडी आणि पुन्हा गाडीत चढे. अचलपूरचे ७६ किलोमीटर जायला चार तास लागत. म्हणजे तासाला १९ किलोमीटर, सायकलीसारखं. त्यामुळे आम्हा बायांना एक सवय लागली. डोक्यावर भारा असो की कडेवर लेकरू, वाटेल तिथून रूळ ओलांडायचे. गाडी दिसली तरी आम्ही घाई करत नव्हतो.

ही सवय किती महागात पडते, ते मूर्तिजापूरलाच कळलं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आमच्या गटातल्या दोघी पापडाचे डबे घेऊन छोट्या गाडीतून उतरल्या. पूल चढायचा कंटाळा केला आणि मोठ्या लाईनीचे रूळ ओलांडायला निघाल्या. एक मालगाडी समोरून गेली. ती गेली, आता मोकळं, असं समजून त्यांनी पाय टाकला. मागच्या रुळावर दुसरी गाडी येत होती. मालगाडीच्या आडोशानं ती दिसलीच नाही, तिच्या आवाजात ऐकूही आली नाही. एका हमालानं "ओ माय, थांब!" म्हणून ओरडून एकीचा हात धरून मागे ओढलं. डबे रुळावर गेले. दोघी वाचल्या. त्यातली एक आज इथे आमच्यासोबत बसली आहे. ती म्हणते, हे रेडिओवर सांगाच.

ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी दहा सेकंदांत पावणेतीनशे मीटर अंतर कापते. ड्रायव्हरनं आपल्याला पाहिलं तरी तिला थांबायला कित्येकशे मीटर लागतात. आणि सिग्नल आपल्यासाठी नसतो. तो ड्रायव्हरसाठी असतो. हिरवा म्हणजे गाडी येणार. लाल दिसला म्हणून आपल्याला वाट मोकळी, असंही नाही. दुसऱ्या रुळाचा सिग्नल वेगळा असतो.

फाटकाचंही आता आम्हाला कळलं. आम्ही फाटकवाल्याला विनवायचो, "भाऊ, एक मिनिट उघडा ना." तो ऐकायचा नाही, म्हणून त्याला बोल लावायचो. पण पुष्कळ ठिकाणी फाटक लागल्याशिवाय गाडीला सिग्नलच देता येत नाही. एकदा सिग्नल दिला की फाटक उघडणं त्याच्या हाती राहत नाही. तो अडवतो तो आपला जीव वाचवायलाच.

आता आमच्या मनातली गोष्ट सांगतो. शकुंतला ब्रॉडगेज व्हावी ही आपल्या भागाची जुनी मागणी आहे, आणि आमचीही आहे. गाडी बंद पडल्यापासून बाजाराला जायचं तर एसटी नाहीतर ऑटो, आणि हातात उरणाऱ्या पैशांतला बराचसा भाड्यातच जातो. पण मोठी गाडी आली तर उतरून फाटक लावणारा माणूस तिच्यात नसेल. देशातल्या ब्रॉडगेजवर २०१९ पासून माणसाशिवायचं एकही फाटक ठेवलेलं नाही. एकतर फाटकवाला, नाहीतर खालून किंवा वरून रस्ता. खालचा रस्ता आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाण्यानं भरला तर शाळेची पोरं कुठून जातील? शेतात भाकर नेणारी कुठून जाईल?

म्हणून आमच्या गटानं एक काम केलं. गावात बाया कुठून कुठून रूळ ओलांडतात ते कागदावर लिहिलं. शेताची वाट, शाळेची वाट, पाण्याची वाट, स्मशानाची वाट. कोणत्या वाटेनं रोज किती जणी जातात तेही लिहिलं. तो कागद ग्रामसभेत ठेवला आणि ठराव करून घेतला. ही लाईन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते, म्हणून ठरावाची प्रत तिकडे पाठवणार आहोत. काम सुरू झाल्यावर ओरडण्यापेक्षा आधी लिहून दिलेलं बरं.

तुमच्या गावाजवळून कोणतीही लाईन जात असेल, तर पुढच्या बैठकीत असा कागद तुम्हीही करा. आणि घरच्या लेकरांना आजच तीन गोष्टी सांगा. पूल किंवा फाटक असेल तिथूनच जायचं. एक गाडी गेली तरी थांबायचं, दुसऱ्या रुळाकडे दोन्ही बाजूंनी पाहायचं. मोबाईल कानाला लावून रुळाजवळ जायचं नाही. अडचण आली तर १३९ हा रेल्वेचा नंबर आहे.

शकुंतलेनं आम्हाला फार सांभाळून नेलं. तिची सवय मोठ्या गाडीपुढे चालणार नाही, एवढं आपण ध्यानात ठेवू. येतो मग. नमस्कार.