राजीनामा आणि मधली रात्र

नोकरी लागली म्हणजे मराठी घरात पेढे वाटले जातात; ती सोडल्याची वार्ता मात्र हळू आवाजात सांगितली जाते. एकाच कचेरीत तीस वर्षे काढून हारतुरे घेण्याचा काळ आता बराच मागे पडला आहे. तरीही राजीनामा लिहावयाचा म्हटले की भल्याभल्यांची लेखणी अडखळते, नाही तर भलतीच सुटते.

कागदाच्या काळी या सुटण्याला एक आळा होता. संतापलेला कारकून रात्री पत्र लिही आणि सकाळी ते साहेबांच्या मेजावर नेऊन ठेवी. मध्ये एक रात्र जात असे आणि त्या रात्रीत कित्येक पत्रे फाडली जात. ई-मेल ही मधली रात्र देत नाही. बोट टेकले की पत्र पोचले. मग ते परत घेणे कठीण आणि कोणाकोणाकडे धाडले जाईल याचा नेम नाही. म्हणून ती रात्र लिहिणाऱ्यानेच मध्ये घातली पाहिजे. मसुदा आज करावा, पाठवावा उद्या. आणि त्यापूर्वी वरिष्ठांना समक्ष भेटून सांगावे. ज्याच्या हाताखाली काम केले, त्याला ही बातमी यंत्राकडून कळू नये.

कारणे किती लिहावीत? लोकमान्य टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला राजीनामा प्रदीर्घ आहे. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा त्याची कारणे लोकसभेत मांडली. परंतु तेथे प्रश्न सार्वजनिक तत्त्वाचा होता आणि जाब लोकांना द्यावयाचा होता. पगारी नोकराने कचेरीला देणे लागते ते एवढेच : निर्णय, शेवटच्या दिवसाची तारीख, काम सोपविण्याची तयारी आणि आभाराचे चार शब्द. पगार थकला असेल, छळ झाला असेल, तर त्याची तक्रार स्वतंत्र पत्राने योग्य ठिकाणी अवश्य करावी. विनय म्हणजे अन्याय गिळणे नव्हे; पण निरोपाच्या पत्रात तक्रार मिसळली की दोन्ही पत्रे दुबळी होतात.

सर्वांत महत्त्वाची ती तारीख. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ७ मे १९७७ रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहून १ ऑगस्टपासून पद सोडत असल्याचे कळविले आणि १५ जुलैला ते पत्र मागे घेतले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पुढील तारखेचा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो, असा निर्णय १९७८ साली लागला. एका तारखेवर एवढे अवलंबून असते! साध्या नोकरीतही तसेच आहे. कायम नोकराला ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः पाच वर्षांची अखंड सेवा लागते आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. रागाच्या भरात साडेचार वर्षांवर पाय काढणारा हे सारे गमावून बसतो. म्हणून नेमणूकपत्र काढून नोटिशीची मुदत पाहावी, दिवस मोजावे आणि मगच तारीख घालावी.

पत्र असे असले तरी पुरे : ‘समक्ष बोलल्याप्रमाणे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील मुदतीनुसार ३० जून हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत हातातील कामे पूर्ण करून उरलेली व्यवस्थितपणे सोपवीन. येथे पुष्कळ शिकावयास मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. कृपया पोच द्यावी.’ विषयाच्या ओळीत ‘राजीनामा’ हा शब्द आणि आपले नाव स्पष्ट असावे. पत्र वरिष्ठांना व आस्थापना विभागाला जावे. साऱ्या कचेरीला नव्हे. एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवावी, कारण शेवटच्या दिवसानंतर कचेरीची टपालपेटी बंद होते आणि सेवामुक्तीच्या पत्रासाठी पुढे हाच पुरावा लागतो.

नवी कचेरी पुष्कळदा जुन्या कचेरीला विचारूनच माणूस ठेवते. तेथे वर्षांच्या कामाची आठवण पुसट झालेली असते. अखेरचे पत्र मात्र दप्तरी जसेच्या तसे असते. ते सकाळच्या शांत मनाने लिहिलेले असावे.