मांडीवरची गिटार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत मी कित्येक वर्षे पेटीशेजारी बसून गात आले. आज चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले आहे, आणि विषयही त्यांनीच नेमून दिला आहे. "तुमची ती मांडीवरची गिटार का घेतलीत, कशी करवून घेतलीत आणि या वयात शिकलात कशा, ते सांगा," असे त्या म्हणाल्या. प्रश्न तीन आहेत, तेव्हा उत्तरेही क्रमाने देते.

सहा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातील गाठ काढावी लागली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, जीव वाचला. परंतु आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. बोलता येते, हे आपण ऐकतच आहात. गाताना मात्र मध्यमाच्या वर सूर चढत नाही, आणि लांबवू गेले तर फाटतो. जिने लग्नघरी हळदीपासून पाठवणीपर्यंत गाणी म्हटली, तिच्यावर कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवण्याची पाळी आली. घरचे एकही काम त्यामुळे अडले नाही, म्हणून या दुःखाला दुःख म्हणण्याचीही सोय नव्हती.

घरी पेटी होतीच. गळा नाही तर बोटे तरी चालवू, असे ठरवून मी पेटीवर आपली गाणी काढू लागले. गाणे निघे, पण आपले वाटत नसे. कारण उघड आहे. पेटीचा प्रत्येक सूर आपापल्या पट्टीखाली बसलेला असतो. आपल्या जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत, झोके घेत जातात. गवई त्यालाच मींड म्हणतात. ती मींड पेटीला काढता येत नाही.

अशात एकदा भाच्याने मला ब्रिजभूषण काबरा यांचे गिटारवादन ऐकवले. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. तिच्यातली गिटार वाजत नव्हती, गात होती. त्या दिवसापासून माझ्या मनाने या वाद्याचा ध्यास घेतला.

हे वाद्य मूळचे हवाई बेटांचे. तेथील ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवर पोलादाचा तुकडा फिरवून वाजवण्याची रीत रूढ केली, असे मानतात. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी ती गाजवली. १९३१ साली अमेरिकेत विजेवरची गिटार घडली, तीही मांडीवरचीच. तिचे वाटोळे अंग आणि लांब दांडा पाहून लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' असे नाव दिले. जगातल्या पहिल्या विजेच्या गिटारींपैकी एक दिसायला तव्यासारखी होती, हे ऐकून आपल्यासारख्या चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांना थोडे बरे वाटायला हरकत नाही!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताउ मो नावाचे वादक आपल्या कुटुंबासह कलकत्त्यास राहिले होते. बंगालमध्ये ही गिटार चांगली रुजली आणि रवींद्रसंगीत तिच्यावर वाजू लागले. आपल्या देशाला ही रीत अगदीच परकी नव्हती. विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरवतात, दक्षिणेत चित्रवीणाही अशीच वाजते. पुढे विश्वमोहन भट्टांनी या गिटारीला झंकाराच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. वाराणसीच्या कमला शंकर यांनी तर आपल्या कल्पनेप्रमाणे गिटार घडवून घेतली. तिला शंकर गिटार म्हणतात. एक बाई आपल्याला हवे तसे वाद्य घडवून घेऊ शकते, या गोष्टीने माझा धीर वाढला.

आता दुसरा प्रश्न. मुलगा म्हणाला, "आई, तयार मिळते की विकत!" तयार गिटारी मी अमरावतीस पाहिल्या. त्या मांडीवर घेतल्या की घसरत, आणि माझ्या बुटक्या देहाला त्यांची लांबी झेपत नसे. चोळी बेतून शिवतो, मग वाद्य का बेतू नये? माझ्या नावच्या एकरभर संत्र्याचा आंबिया बहार त्या साली बरा आला होता. तो पैसा बाजूला काढला आणि भाच्याला घेऊन बडनेऱ्याहून हावड्याची गाडी धरली. सोबत जुन्या घराच्या सागवानी तुळईचा एक तुकडा घेतला होता.

कलकत्त्याच्या चितपूर रस्त्याच्या बाजूला वाद्ये करणारांची जुनी वस्ती आहे. तेथल्या एका वृद्ध कारागिराने तो तुकडा बोटाच्या पेराने ठोकून कानाशी धरला. जुने लाकूड पुरते वाळलेले असते, ते सहसा पिळवटत नाही, म्हणून मानेसाठी त्यांनी ते पसंत केले. मग माझी मापे घेतली. साध्या गिटारीची मान हाताने धरावी लागते, म्हणून ती मागून गोल असते. ही मांडीवर आडवी राहते, तेव्हा मान चौकोनी व भक्कम ठेवता येते आणि तारांचा ताण ती सहज सोसते. तारा बोटाने दाबायच्या नसतात, म्हणून त्या पट्टीपासून चांगल्या उंच ठेवतात. सुरांच्या जागी पडदे नसतात, नुसत्या रेघा असतात.

लांबीचा प्रश्न महत्त्वाचा होता. सामान्य गिटारीत तारेचा वाजता भाग सुमारे पंचवीस इंच असतो. माझ्यासाठी तो साडेबावीस इंच ठेवला. तार आखूड केली की तोच सूर कमी ताणावर मिळतो. आपल्या मंडळाचा षड्ज काळी चार आहे, हे मी आधीच सांगून ठेवले होते. त्या षड्जाला धरून सहा तारा प, सा, प, सा, ग, प अशा लावल्या. पाठ सपाट केली आणि तिला खाली मऊ कातडे लावले, म्हणजे लुगड्यावरून ती घसरू नये. पाच महिन्यांनी गिटार तयार झाली. निरोप देताना ते म्हणाले, "तुमच्याकडचा उन्हाळा कोरडा असतो. वैशाखात पेटीत ओल्या फडक्याची पुरचुंडी ठेवत जा, नाहीतर लाकूड तडकेल." तो नियम मी आजवर पाळत आले आहे.

तिसरा प्रश्न शिकण्याचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात व दोन बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने पोलादी दांडी तारांवरून फिरवायची. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पाहिले आणि विचारले, "काय वं, तारायले इस्त्री करून रायली का?" प्रश्न अगदी योग्य होता, कारण दिसत तसेच होते.

अमरावतीच्या एका सतारशिक्षकांकडे मी आठवड्यातून एकदा एस.टी.ने जाऊ लागले. गिटार त्यांची नव्हे, पण मींड त्यांची होती. पहिला महिना त्यांनी एकाच तारेवर सा ते रे एवढाच प्रवास करविला. दांडी रेघेच्या नेमकी वर यावी लागते. केसभर अलीकडे राहिली की सूर उतरतो, पलीकडे गेली की चढतो. रेघ तिरकी पाहिली तर डोळा फसतो. म्हणून तंबोरा लावून, डोळे मिटून, कानाने जागा शोधायची. दांडीच्या मागे तारांचा जो खरखराट उठतो, तो डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट तारांवर अलगद टेकवून शमवावा लागतो. भैरवीत कोमल गंधार हवा असतो आणि आमची एक तार शुद्ध गंधाराची! तिला तळहाताने गप्प बसवायला शिकण्यातच दिवाळी उलटली. रोज पहाटे अर्धा तास, स्वयंपाकापूर्वी, असा नेम ठेवला. दीड वर्षाने पहिले गाणे पुरे वाजले.

गेल्या वैशाखात नणंदेच्या नातीच्या हळदीला मी गिटार घेऊन बसले. शब्द कोणीच म्हणत नव्हते, नुसती चाल निघत होती. शेजारच्या आजी कान देऊन होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "हे तं आपलंच हळदीचं गाणं होय वं!" आणि त्यांनीच पहिली ओळ उचलली. मागून सगळ्या गाऊ लागल्या. माझा गळा मध्यमावरच थांबला होता. गाणे मात्र दांडीबरोबर वरच्या षड्जापर्यंत गेले.

भगिनींनो, तेराव्या शतकात महदाइसेने याच रिद्धपुरात धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. तिचे शब्द वहीत उतरले म्हणून आज आपल्याला मिळाले. चालीला वही नसते. ती गळ्यातून गळ्यात जाते, आणि गळे थकतात. ज्या आजींनी परवा ती ओळ उचलली, त्यांना येणारी निम्मी गाणी आपल्या सुनांना ठाऊक नाहीत. म्हणून माझी एक विनंती आहे. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी मंडळात गिटार घेऊन येईन. ज्यांना जुनी चाल येते त्यांनी ती गुणगुणावी, मी ती तारेवर धरीन, आणि मुलींनी ती मोबाईलमध्ये साठवावी. ज्यांचा आवाज बसला आहे त्यांनी संकोच करू नये. त्यांची गरज सर्वांत अधिक आहे.

कोणाला हे वाद्य शिकायचे असल्यास माझी गिटार आहे. ती माझ्या मापाची आहे खरी, पण मापे आपणा सर्वांची फारशी वेगळी नाहीत.