आग्या माशी आणि यंत्रमानव

२०१६ सालच्या ‘फर्स्ट लेगो लीग’ स्पर्धेंत यंत्रमानव घडविणाऱ्या मुलांस मनुष्य व प्राणी यांच्या साहचर्याचा विषय होता. आमच्या वाघोलींतील मुलांनीं मधमाशी निवडली. सातेरी माशी पेटींत नांदते. आग्या माशी नांदत नाहीं, तिला उंच कडा हवा. वाघोलींत कडे कुठले? तिनें इमारतीचा सज्जा धरला. रहिवाशांनीं पोळें जाळावयाचें ठरविलें. मुलें म्हणालीं, ही माशी ऋतुमानाप्रमाणें स्थलांतर करते; थांबा, आणि रात्रीं सज्जांतले दिवे मालवा, कारण ती उजेडाकडे धांवते. सभेंत हंशा झाला. मोठ्यांचा हंशा पुष्कळदां उत्तराऐवजीं असतो! तरी मुदत मिळाली. स्पर्धा संपली, यंत्र खोक्यांत गेलें. पोळें रिकामें होईपर्यंत मुलें मात्र रोज सायंकाळीं सज्जांतले दिवे मोजीत होतीं.